‘असं’च्या अलीकडे

१

“आपण रोज प्रार्थना करतो. पण ती ऐकायला पलीकडे कुणीही नाही…”

एवढं ऐकू आलं आणि माइक गेला.

सभागृह गच्च भरलेलं होतं. त्याच क्षणी जो गलका उठला, त्यात व्यासपीठावरची मुलगी पुढे काय बोलतेय ते पहिल्या रांगेलाही कळलं नाही. नुसते ओठ हलताना दिसत होते. थोड्या वेळाने तेही थांबले. तिने माइकचा वाकडा झालेला खांब सरळ करून ठेवला आणि ती खाली उतरली.

हे मला दुसऱ्या दिवशी सकाळी कुलगुरूंनी सांगितलं. मी त्या विद्यापीठात आयुष्यभर व्याकरण शिकवलं, आता निवृत्त आहे. कुलगुरू माझीच विद्यार्थिनी. मुलं मला माझ्या माघारी ‘पूर्णविराम’ म्हणायची, कारण तो विसरणाऱ्याचा मी अर्धा गुण कापायचे. हे नाव मला माहीत नाही असा मुलांचा समज होता, आणि ते ठेवणारी कोण हे मला माहीत नाही असा कुलगुरूंचा.

“बाई, उद्या दुपारी शिस्त समिती बसतेय,” ती म्हणाली. “पदवी तोंडाशी आली असताना पोरीला काढून टाकतील. मी एकटी किती जणांच्या तोंडी लागू?”

“मग मला कशाला बोलावलंस? मी काय वकील आहे?”

“माइक कोणी बंद केला ते शोधायला. मी सांगितलं नव्हतं. शपथ घेऊन सांगते. पण माझ्यावर कुणाचा विश्वास नाही. निम्मे म्हणतात मी फारच उशिरा बंद केला, निम्मे म्हणतात मी मुळात केलाच का.”

हे धर्माच्या पायावर उभं राहिलेलं विद्यापीठ. दिवसाची सुरुवात प्रार्थनेने होते, पदवीदानाचा शेवट प्रार्थनेने, आणि परीक्षेच्या आधी तर न मानणारेसुद्धा प्रार्थनागृहात पहिल्या रांगेत येऊन बसतात. पण संस्थापकांनी एक विलक्षण प्रथा घालून दिलेली आहे. तिला अनुभवसभा म्हणतात. शिक्षण संपवून निघालेल्या मुलांनी एकेक करून उठायचं आणि श्रद्धेने आपल्याला काय दिलं ते सांगायचं. भाषण आधी कुणाला दाखवायचं नाही, आणि बोलणाऱ्याला मध्येच कुणी थांबवायचं नाही. आजवर सगळ्यांनी गोड गोडच सांगितलं, त्यामुळे दुसरा नियम पाळायची वेळ कुणावर आली नव्हती.

“आणि ही मुलगी कोण, ठाऊक आहे ना?” कुलगुरूंनी विचारलं.

ठाऊक होती. धर्मग्रंथ शिकवणाऱ्या आमच्या सरांची मुलगी. सर गेल्या वर्षी लांबलेल्या आजारपणात वारले. त्यांच्यासारखा शिक्षक आणि त्यांच्यासारखा श्रद्धाळू माणूस त्या आवारात दुसरा नव्हता. वाचनालयाला त्यांचं नाव दिलंय, आणि नावाखाली पाटीवर कोरलंय : ‘ज्यांची श्रद्धा शेवटपर्यंत ढळली नाही.’

अशा माणसाच्या मुलीने असं बोलावं, याचाच लोकांना जास्त राग आला होता.

२

व्यासपीठामागे एक चिंचोळी खोली आहे. तिथल्या टेबलावर आवाजाचं यंत्र असतं. साउंडवाला त्याला मिक्सर म्हणतो. माझ्या डोळ्यांपुढे आधी स्वयंपाकघरातलाच आला, पण हा वेगळा. प्रत्येक माइकला एक लाल बटण आणि वर-खाली सरकणारी एक कळ.

“मी नव्हतो बाई इथं,” साउंडवाला कानांवर हात ठेवत म्हणाला. “सभागृहात मागचा कर्णा खरखरत होता, तो बघायला गेलेलो. सगळ्यांनी पाहिलंय मला शिडीवर.”

“मग इथं कोण होतं?”

“प्रार्थनाकाका होते. दोन भाषणांच्या मध्ये भजनाचे सूर लावायचे असतात, ते तेच लावतात. आणि ते चर्चामंडळवाले सर, मुलांना एकामागून एक वर पाठवायला. ते सारखे आत-बाहेर करत होते. आणि कुलसचिवसाहेब. ते समोरून उठून तरातरा आले, मी शिडीवरून बघितलं. पण आधी आले की आवाज गेल्यावर आले, ते नाही सांगता येणार.”

म्हणजे तिघे. मी ध्वनिमुद्रण लावायला सांगितलं. माइक गेल्यावर मुद्रणातही काही उरलं नव्हतं, पण जाईपर्यंतचं होतं. मुलीचा आवाज स्वच्छ होता, थोडा जड. “आपण रोज प्रार्थना करतो. पण ती ऐकायला…” इथून आवाज बारीक व्हायला लागला. “…पलीकडे कुणीही नाही…” हे मावळत मावळत गेलं आणि संपलं.

“पुन्हा लाव.”

पुन्हा ऐकलं. मग कान यंत्राला चिकटवून आणखी एकदा. आमचे हे म्हणतात की मला घरातली हाक ऐकू येत नाही आणि चुकलेला अनुस्वार दोन खोल्यांतून ऐकू येतो. ‘नाही’च्या नंतर एक ओझरता स्वर होता. ‘अ’. आ नव्हे, अ.

मला दोन गोष्टी खटकल्या. पहिली, हा आवाज तुटला नव्हता, हळूहळू विझला होता. संतापलेला माणूस लाल बटण दाबतो, नाहीतर वायर उपटतो. दुसरी गोष्ट त्या ‘अ’ची. हा ‘आणि’ नव्हता. ‘अ’ने सुरू होऊन ‘नाही’ला येऊन चिकटणारा आपल्या भाषेतला सर्वांत वापरातला शब्द कुठला, हे मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहिलं होतं.

असं.

आपल्या भाषेची ही एक गंमत आहे. दुसऱ्याचं म्हणणं आपण आधी अख्खं सांगून टाकतो आणि ते कुणाचं ते मागाहून सांगतो. ‘पाऊस येणार नाही, असं शेजारी म्हणाले.’ असं येईपर्यंत ऐकणाऱ्याला वाटतं, हे तुम्हीच म्हणताय.

म्हणजे ते वाक्य मुलीचं नसावं. मग कुणाचं होतं?

३

कुलसचिव खुर्चीत मावत नव्हते, रागही त्यांच्यात मावत नव्हता.

“काय म्हणाली ती नेमकं?” मी विचारलं.

“काय म्हणाली? देव नाही म्हणाली! धर्म थोतांड आहे म्हणाली!”

“एवढं म्हणाली?”

“अर्थ तोच की हो. लोक आपल्या मुली इथे कशाच्या भरवशावर पाठवतात? बाहेर काय वाटेल ते बोला ना, कोण अडवतंय? पण ज्या घरात राहायचं त्या घरच्या देव्हाऱ्यासमोर उभं राहून…” त्यांनी घटाघटा पाणी प्यायलं. त्यांचं सगळंच चूक होतं असं मला म्हणवत नाही. ज्यांनी विश्वासाने आपली वास्तू उभी केली, त्यांना तिच्यात काय बोललं जावं याची काळजी असणारच.

“माइक तुम्ही बंद केलात का?”

“करायलाच निघालो होतो! पोचतो तोवर कुणीतरी आधीच केला होता. मी केला असता तर वायर उपटली असती आणि छाती ठोकून सांगितलं असतं. आणि मला त्यातलं काय कळतंय? घरचा पंखा कमी करायला बायकोला हाक मारतो मी.”

यातलं शेवटचं वाक्य त्यांच्या बायकोकडून मी पूर्वीच ऐकलं होतं.

चर्चामंडळ चालवणाऱ्या तरुण प्राध्यापकाला मुलं ‘ठिणगी’ म्हणतात. त्याच्या दारावर ‘आवाज दाबू नका’ असा सुबक छापलेला फलक लागलेला होता. छान जाड कागद, दोन रंग.

“हा इतक्या लवकर छापून आला?” मी विचारलं.

तो चपापला. “बाई, तो… तो आधीच छापलेला होता.”

“सभेच्या आधी?”

“कधी ना कधी लागणारच होता ना!”

मी त्याच्याकडे रोखून पाहिलं. गाजावाजा व्हावा म्हणून स्वतःच आवाज दाबणारी माणसं जगात असतात, आणि याच्या तर डोळ्यांतही चमक होती.

“मी नाही केलं, बाई. हे बघा.” त्याने मोबाइल पुढे केला. पडद्याच्या कडेला उभं राहून त्याने मुलीचं भाषण सुरुवातीपासून चित्रित केलं होतं. कुठेही खंड नाही. आवाज जातो, गलका होतो, चित्र हलतं, पण माणूस जागचा हललेला नाही. त्या खोलीतल्या टेबलापर्यंत त्याचा हात पोचणं शक्य नव्हतं.

“ती पुढे काय बोलणार होती?”

“पुढे?” तो गोंधळला. “पुढे काय असायचंय? वाक्य संपलं की. आणि काय वाक्य होतं, बाई! अशा जागी, अशा धैर्याने!”

त्यालाही वाक्याला पुढे काही नकोच होतं. कुलसचिवांना ती गुन्हेगार हवी होती, याला वीरांगना. दोघांचंही काम अर्ध्या वाक्यात भागत होतं. मला दोघांचाही सारखाच राग आला.

उरले प्रार्थनाकाका.

त्यांना काका म्हणत नाही असं त्या आवारात कुणी नाही, मीसुद्धा म्हणते. ते रोजची प्रार्थना चालवतात. सर आणि ते तरुणपणापासूनचे जिवलग. सरांच्या मुलीला त्यांनी कडेवर खेळवलंय. सरांच्या अंत्यविधीला काकाच बोलले होते, आणि पाटीवरचं ते वाक्य त्यांच्या त्या भाषणातलंच.

त्यांनी माझ्यापुढे चहा ठेवला.

“काका, तुम्ही खोलीत होतात. काय पाहिलंत?”

“मी पडद्यापाशी होतो. पोर बोलत होती ना, भरून आलं. टेबलाकडे लक्षच नव्हतं.” त्यांनी चष्मा काढून पुसला. “बाई, काहीही करा, पण तिचं वाटोळं होऊ देऊ नका. दुखण्यात माणूस बोलून जातो काहीतरी. ते का कुणी धरून बसतं?”

“खरंय,” मी म्हटलं. बाप जाऊन वर्षच होत होतं. दुःखात माणूस देवाशीही भांडतो.

चहा चांगला होता. माझा कप रिकामा झाला तेव्हा त्यांचा भरलेलाच होता, वर साय धरलेला.

४

मुलगी वाचनालयात भेटली, वडिलांच्या पाटीकडे पाठ करून बसलेली.

“वाक्य पुरं कर,” मी म्हटलं.

ती हसली. “पूर्णविराम द्यायला आलात, बाई?”

“ते नाव तुलाही ठाऊक आहे?”

“बाबा घरी तुम्हाला तेच म्हणायचे.”

मी तो आघात सोसला. “हे बघ, ‘नाही’च्या पुढे ‘असं’ होतं. मी ऐकलंय. कुणाचं म्हणणं सांगत होतीस तेवढं समितीला सांग, प्रकरण मिटेल.”

ती बराच वेळ बोटावरची शाई पुसत राहिली. मग म्हणाली, “सांगीन. पण त्याच सभागृहात, त्याच माइकवर.”

“हट्ट का गं?”

“बंद खोलीत सांगितलं की ते स्पष्टीकरण होतं, बाई. कबुलीजबाब होतो. मी गुन्हा केल्यासारखा. तिथे मी भाषण करत होते. मला माझं भाषण पुरं करायचंय.”

“आणि काढून टाकलं तर?”

“आईला वाईट वाटेल. मलाही. मला शिकवायचंय इथेच, बाबांच्या वर्गात. बाहेर कुठे जायची माझी इच्छाच नाही. सगळ्यांना वाटतं मी या जागेवर रागावले आहे. मला ही जागा आवडते म्हणून तर बोलायला उभी राहिले.”

“माइक कोणी बंद केला, कल्पना आहे?”

तिने उत्तर द्यायला घेतलेला श्वास तसाच सोडून दिला.

“ते मला विचारू नका. ज्याने केला त्याला विचारा.”

म्हणजे हिला ठाऊक होतं. आणि जो हिला बुडवत होता त्यालाच ही पाठीशी घालत होती.

५

घरी आले तर आमचे हे रेडिओपुढे बसलेले. कुणीतरी संथपणे गात होतं. मी दारातूनच म्हटलं, “अहो, बंद करा ते. डोकं भणभणलंय माझं.”

“करतो, करतो.” पण ते बटण दाबेनात. आवाजाची कळ हळूहळू फिरवत राहिले. गाणं आधी शेजारच्या खोलीत गेल्यासारखं झालं, मग गल्लीत, मग नाहीसं.

“एका झटक्यात होत नाही का?”

“गाणाऱ्याच्या तोंडावर दार आपटल्यासारखं वाटतं,” ते म्हणाले. “तुला नाही कळायचं. तू वाक्यंसुद्धा कापतेस.”

मी पर्स हातात धरून तशीच उभी राहिले. सुरांशी ज्याचं नातं असतं तोच आवाज असा उतरवतो. त्याच्या हाताला दुसरं काही येतच नाही.

मग मला काकांचं ते वाक्य आठवलं. मी त्यांचे शब्द पुन्हा मनात म्हणून पाहिले, जसेच्या तसे. आणि कपाळाला हात लावला. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका काढणारी मी, समोर बोललेला शब्द माझ्या सोयीने दुरुस्त करून ऐकला होता. काका ‘दुःखात’ म्हणालेच नव्हते.

‘दुखण्यात’ म्हणाले होते.

दुःख मनाचं असतं, दुखणं शरीराचं. माणूस दुखण्याने अंथरुणाला खिळतो. ती मुलगी तर ठणठणीत होती. मग दुखण्यात बोलून गेलेला माणूस कोण?

“जेवायला बसतेस ना?” ह्यांनी विचारलं.

“तुम्ही घ्या वाढून,” मी म्हटलं आणि सकाळच्या प्रार्थनेला जायचं म्हणून गजर लावला.

६

सकाळची प्रार्थना संपत आली होती. मी सर्वांत मागे बसले. मी रोज घरी प्रार्थना करते. श्रद्धेने की सवयीने हे मला कुणी विचारलेलं नाही, आणि विचारलं तर सांगता येणार नाही.

समोर काका यंत्रापाशी उभे होते. शेवटचे सूर चालू होते. त्यांनी डोळे मिटले, बोट कळीवर ठेवलं आणि सूर खाली आणायला सुरुवात केली. अगदी सावकाश. झोपलेल्या मुलाच्या अंगावर पांघरूण घालावं इतक्या हलक्या हाताने. सूर मावळले.

प्रार्थनागृह रिकामं झाल्यावर मी पुढे गेले.

“काका, ते वाक्य सरांचं होतं.”

त्यांनी यंत्र बंद केलं, वर कापड घातलं. मग म्हणाले, “शेवटच्या दुखण्यात म्हणाला. माझा हात धरून. म्हणाला, पलीकडे कुणीही नाही रे, मला पुष्कळ वर्षांपासून वाटतंय. मी वर्गात शिकवत राहिलो कारण मला शिकवायला आवडायचं, पोरं आवडायची. आणि मग म्हणाला, हे कुणाला सांगू नकोस. पोरीला तर अजिबात कळू देऊ नकोस.”

“आणि तुम्ही पाटी लावलीत.”

“मी काय करणार होतो? मित्राचं नाव राखायचं होतं. बाई, मला म्हणाला पोरीला कळू देऊ नकोस, आणि स्वतःच तिला सांगून बसला! ती मागच्या आठवड्यात माझ्याकडे आली. म्हणाली, काका, बाबा असं म्हणाले होते, तुम्हालाही म्हणाले का? मी अनुभवसभेत सांगणार आहे. मी हातापाया पडलो. ती काही बोलली नाही.”

“आणि सभेत?”

“ती ‘आपण रोज प्रार्थना करतो’ म्हणाली आणि मला कळलं, आता ते येणार. मी कळ धरली. मला ते वाक्य बाहेरच येऊ द्यायचं नव्हतं, बाई. तिने बापाचं नाव घ्यायच्या आत, पहिल्या शब्दालाच आवाज घालवायचा होता.” त्यांनी आपल्या हाताकडे पाहिलं. “पण हात ऐकेना. तो रोजच्यासारखाच हळू आला.”

मला एकदम सगळं लख्ख दिसलं. त्यांनी माइकला हात लावला नसता तर पूर्ण वाक्य ऐकू आलं असतं. झटक्यात बंद केला असता तर वाक्य ऐकूच आलं नसतं. त्यांच्या त्या हळुवार हाताने बरोबर ‘असं’च्या अलीकडे वाक्य सोडलं होतं, आणि बापाचं म्हणणं मुलीच्या गळ्यात पडलं होतं.

“काल दिवसभर गप्प का राहिलात? तिला काढणार आहेत!”

“बोललो तर तो उघडा पडतो. नाही बोललो तर ती बुडते.” काका रडायला लागले. “तुम्ही सांगा, बाई. मेलेल्याला दिलेला शब्द मोडायचा की जिवंत पोर मोडू द्यायची?”

“मी काही सांगणार नाही,” मी म्हटलं. माझा जीव तुटत होता, तरी म्हटलं. “तिला ठाऊक आहे, काका. ती रोज तुमच्या प्रार्थनेला येते. आवाज कसा गेला ते तिने तिथेच ओळखलं असणार. तिनेसुद्धा तुमचं नाव घेतलेलं नाही.”

काकांनी मान वर केली. आत्तापर्यंत त्यांना हे माहीत नव्हतं.

७

समिती दुपारी बंद खोलीत बसायची ती सभागृहातच बसली. कुलगुरूंना मी एवढंच सुचवलं होतं, आणि कुलसचिवांचा विरोध त्यांनी पहिल्यांदाच न घाबरता ऐकून घेतला. मुलं आली, शिक्षक आले, ठिणगी फलक घेऊन आला. मुलीची आई मागच्या रांगेत, भिंतीला टेकून बसली होती.

कुलगुरू बोलायला उठणार तोच काका खोलीतून बाहेर आले. माइकपाशी जाऊन म्हणाले, “मी बंद केला होता. कुणी सांगितलं नव्हतं. संस्थापकांचा नियम मी मोडला, या पोरीने नाही. कारण तीच सांगेल, तिची इच्छा असली तर.” आणि मुलीकडे न बघता ते आत, टेबलापाशी गेले.

ठिणगीचा फलक हळूच खाली आला.

मुलगी वर गेली. मी खोलीच्या दारात उभी होते, तिथून मला दोघंही दिसत होते. काकांनी कळ वर सरकवली, पार वरपर्यंत, आणि दोन्ही हात पाठीमागे बांधून घेतले.

“आपण रोज प्रार्थना करतो,” ती म्हणाली. “पण ती ऐकायला पलीकडे कुणीही नाही, असं माझे बाबा शेवटच्या दुखण्यात मला म्हणाले.”

कुणाच्या तरी हातातून काहीतरी पडलं. मागच्या रांगेत आईने डोळ्यांना पदर लावला, पण ती उठून गेली नाही.

“मला धक्का बसला. रात्रभर मी रडले. सकाळी त्यांनी मला हाक मारली. म्हणाले, उठ, प्रार्थनेची वेळ झाली. मी म्हटलं, बाबा, तुम्हीच तर म्हणालात पलीकडे कुणी नाही. ते म्हणाले, ते मला वाटतं. तुला काय वाटतं ते तू तिथे बसून ठरव. आणि आज मला उठवत नाहीये, तर माझ्या वाटचीही तूच कर. मी गेले. त्या दिवसापासून रोज जाते. श्रद्धेने मला काय दिलं, असा विषय आहे. मला माझी श्रद्धा अशा माणसाने दिली, ज्याच्याकडे ती नव्हती. एवढंच सांगायचं होतं.”

टाळी वाजवावी की नाही हे कुणालाच कळेना. कुलसचिव उठले. त्यांचा चेहरा खुलला होता, आणि त्यात लबाडी नव्हती. त्यांना खरंच हायसं वाटलं होतं.

“म्हणजे ते वाक्य हिचं नव्हतंच! मग प्रश्नच मिटला. मुलीवर आमचा काही रोष नाही.”

“सर, नाही मिटला,” मुलगी म्हणाली. तिने माइक सोडला नव्हता. “‘असं’ म्हटलं म्हणून मी सुटले. पण बाबांनी इथे उभं राहून हेच वाक्य ‘असं’ न लावता म्हटलं असतं, तर तुम्ही त्यांना शिकवायला ठेवलं असतं?”

कुलसचिवांनी कुलगुरूंकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. मीही. ही माझी विद्यार्थिनी नेहमी अवघड प्रश्नाला लांबलचक उत्तर लिहायची, गोल गोल फिरवायची. ती उठली, टेबलाचा आधार घेतला.

“नसतं ठेवलं,” ती म्हणाली.

“त्यांनाही तसंच वाटायचं,” मुलगी म्हणाली. “म्हणून ते घरी बोलले.”

आणि ती खाली उतरली. आतल्या खोलीत काकांचे हात अजून पाठीमागेच होते. माइक चालू होता, आणि त्यातून नुसती सभागृहाची शांतता ऐकू येत होती.

मुलीला कुणी काढलं नाही. बाकी काय बदलेल ते मला माहीत नाही. कुलगुरू विचारात पडली आहे एवढं खरं.

दुसऱ्या दिवशी काका माझ्या घरी आले. खांदे पडलेले. “बाई, त्या पाटीवरची ओळ मी खोटी लिहिली. खरवडून काढू का?”

मी त्यांच्याबरोबर वाचनालयात गेले. ‘ज्यांची श्रद्धा शेवटपर्यंत ढळली नाही.’ मी ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली. अंथरुणावरून मुलीला हाक मारणारे सर डोळ्यांपुढून हलेनात. हे वाक्य खोटं आहे का, हे मला ठरवता येईना. मी उभं आयुष्य वाक्यं तपासली, पण या वाक्याला किती गुण द्यायचे ते कळलं नाही.

“ओळ राहू द्या, काका,” मी म्हटलं. “फक्त तो शेवटचा पूर्णविराम तेवढा खरवडा.”